यंत्र बंद असले तरीही

शनिवारी दुपारी गार्गी पोरे पुण्याहून कऱ्हाडला आली, तेव्हा तिची आई शिलाई मशीनसमोर बसून बाबांचा एक जुना शर्ट उसवत होती. ब्लेडच्या अर्ध्या तुकड्याने एकेक टाका उडवायचा आणि दोरा ओढून काढायचा. हात जराही हलत नव्हता. पाच वर्षांपूर्वी याच हाताला साधा चहाचा कप धरता येत नव्हता.

"बाबांचा शर्ट का फाडतेस?" गार्गीने बॅग खाली ठेवत विचारलं.

"फाडत नाय, उसवतेय. फाडणं आणि उसवणं यातला फरक शिंपिणीच्या पोरीला कळू नये म्हणजे कमाल झाली." वैजयंताबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पिशवी करते. कापड अजून चांगलंय."

"तुझे डोळे का लाल झालेत?"

"मशीनचं तेल गेलं."

गार्गीला ते पटलं. डोळ्यांत तेल जायला मशीन चालू असावं लागतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. आईच्या गळ्यात एक काळा दोरा दिसत होता, पदराखाली गेलेला. "हे काय नवीन?" असं तिने विचारलं, तर "जोतिबाचा आहे" एवढंच उत्तर आलं. तेही तिला पटलं.

जेवताना आईने डावा खांदा दोनदा दाबला. खांदा धरलाय म्हणाली. कोपऱ्यावरच्या थोरवड्यांच्या पोरीने, स्वराने, शेक द्यायचं केंद्र काढलंय, तिथे आठवडाभर गरम पिशवीचा शेक घेतला, पण उतार नाही.

"विजेचा शेक घ्यायचा नाही हां."

"ठाऊक आहे गं बाई. कार्ड पाठ आहे मला, आरतीसारखं." मग आमटी वाढता वाढता तिने विचारलं, अगदी सहज, "गार्गे, हे माझं अंगातलं यंत्र बंद करता येतं का गं?"

गार्गीने भातात आमटी कालवली. "नाही. ते बंद होत नाही."

आई तिच्याकडे बघत राहिली. फार नाही, पळी परत पातेल्यात जाईपर्यंत. मग म्हणाली, "मीठ बरोबर आहे ना?"

तो शेवटचा साधा दिवस.

*

वैजयंताबाईंना कंपवात होता. त्याच्या पाठोपाठ, किंवा आधीपासूनच, दुसरं दुखणंही होतं. त्या गप्प झाल्या होत्या. कात्री हातात घेऊन तासन्‌तास बसायच्या. एकदा त्यांनी अकरा दिवस अन्न टाकलं. बाबा, म्हणजे रेडिओ दुरुस्तीवाले दत्ता पोरे, ताट घेऊन समोर बसायचे आणि शेवटी ते ताट स्वतःच संपवून उठायचे, कारण अन्न टाकलेलं त्यांना बघवत नसे.

त्या सुमाराला मेंदूत बसवायच्या यंत्राची नवी पिढी आली. जुनी यंत्रं नुसती ठोके द्यायची. हे नवं आधी ऐकायचं. शेवयांइतक्या बारीक तीन तारा कवटीतून आत खोल सोडायच्या, त्या कातडीखालून मानेपर्यंत आणायच्या आणि गळपट्टीच्या हाडाखाली काड्यापेटीएवढ्या डबीला जोडायच्या. मेंदूतल्या पेशी एका तालात बोलतात. कंपवातात त्या तालाचा गोंगाट होतो. डबी तो ऐकते आणि विजेचे हलके ठोके देऊन मोडते. दोन तारा हातांसाठी होत्या. तिसरी मनासाठी. दुःखाचाही मेंदूत एक ताल असतो. माणूस बुडायला लागलं की तो ठराविक पद्धतीने मंदावतो, आणि डबी त्याला वेळीच वर ढकलते.

"म्हणजे दुःख होणारच नाही?" बाबांनी पुण्याच्या इस्पितळात डॉक्टर केतन दिवेकरांना विचारलं होतं.

"होईल की. बुडणं फक्त होणार नाही."

"काठावरच बसवून ठेवायचं म्हणता," बाबा म्हणाले. डॉक्टर हसले.

शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांत वैजयंताबाईंनी सुईत दोरा ओवला. बाबा उठून बाहेर गेले आणि रस्त्यावर उभं राहून रडले. पण त्याच महिन्यात तपासणीच्या वेळी त्या नर्सला म्हणाल्या होत्या, "काढून टाका हो हे. नको मला काही." गार्गी शेजारीच होती.

यंत्राबरोबर सावधगिरीची पुस्तिका आली. त्रेसष्ट कलमं. त्यातलं मराठी कुणा संगणकाने केलेलं होतं: 'उपकरणधारकाने उष्मोपचारात्मक ऊर्जास्रोतांपासून स्वतःस वर्जित ठेवावे.' गार्गी पाठ्यपुस्तकांची संपादक. असली वाक्यं ती रोज दहा कापत असे. तिने ती पुस्तिका एका रविवारी बसून नव्याने लिहिली. त्रेसष्टांची नऊ कलमं केली, एका कार्डावर मावतील एवढी. साधी, सुटसुटीत, चौथीच्या मुलाला कळतील अशी.

पुस्तिकेत चुंबकाबद्दल अर्धं पान होतं. रुग्ण अपघातात सापडला तर रुग्णवाहिकेतल्या माणसाला यंत्र थांबवता यावं म्हणून डबीत चुंबकाने चालणारी कळ होती. छातीला चुंबक टेकवला की यंत्र थांबतं, पुन्हा टेकवला की चालू होतं. गार्गीला अकरा दिवसांची ताटं आठवली. तिने लिहिलं: 'लोहचुंबक जवळ आणू नये. यंत्र बिघडतं.'

बंद करण्याचा उल्लेख पुस्तिकेत आणखी सात ठिकाणी होता. तिने साती काढले. शेवटचा शेकाच्या कलमात होता. मूळ कलम असं: 'खोलवर उष्णता पोचवणाऱ्या विद्युत्‌यंत्राचा वापर, यंत्र बंद असले तरीही, करू नये. मेंदूस कायमची इजा किंवा मृत्यू संभवतो.' आईला मरणाचं नाव वाचायला लावायचं तिच्या जिवावर आलं. आणि मधला तुकडा तसाही जाणारच होता. तिने लिहिलं: 'विजेचा शेक घेऊ नये. चालू यंत्रात गडबड होते.' वाक्य छान झालं होतं.

"पेशंटला बंद करण्याचं माहीत असायला हवं," डॉक्टर दिवेकर कार्ड वाचून म्हणाले.

"मी सांगेन. वेळ बघून."

"बरं. बाकी कार्ड मात्र झकास आहे हो. आमच्या पुस्तिकेपेक्षा लाख पटीनं. आमच्या मराठी पेशंटांना छापून दिलं तर चालेल?"

गार्गीला फार बरं वाटलं होतं.

वैजयंताबाईंच्या गळ्यात त्या काळी एक गोल लोहचुंबक असे. खाली सांडलेल्या सुया आणि टाचण्या टिपायला शिंप्यांकडे तो असतोच. हा बाबांनी जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढून, काळ्या दोऱ्यात ओवून लग्नाच्या पहिल्या वर्षी दिलेला होता. गार्गीने तो कार्डाच्या पहिल्याच दिवशी काढून घेतला आणि माळ्यावरच्या डब्यात टाकला.

"अगं, मग सुया कशानं उचलू?"

"मी येऊन उचलीन."

"पुण्याहून?" आई म्हणाली.

*

दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी बाबा दुकानातच गेले, हातात सोल्डरिंगची कांडी धरून. वैजयंताबाईंनी सगळं नीट केलं. लोकांना पाणी विचारलं, कुणाच्या चपला कुठे ते सांगितलं. डोळ्यांत टिपूस नव्हता. तेराव्याला आत्या पडवीत, ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "दगड झालीय. नवऱ्यानं अकरा दिवस ताट घेऊन बसावं आणि हिनं हे असं."

त्या संध्याकाळी आईने विचारलं, "गार्गे, मला रडू का येत नाय गं? छातीपर्यंत येतं. मग कोणीतरी मागनं धरल्यासारखं होतं."

गार्गीला कारण माहीत होतं. "प्रत्येकाचं दुःख वेगळं असतं, आई. तू खंबीर आहेस."

"हे तुझ्या पुस्तकातलं झालं," आई म्हणाली. "माझं सांग."

गार्गीने सांगितलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं: की धरणारा कोण आहे, आणि त्याला हात सोडायला लावता येतं.

*

सोमवारी सकाळी अकरा चाळीसला फोन आला. स्वरा थोरवडे बोलत होती, पण शब्द लागत नव्हते. काकू, शेक, उठत नाहीत, एवढंच कळलं.

वैजयंताबाई नऊ दिवस इस्पितळात होत्या. एकदाही जाग्या झाल्या नाहीत, तशाच गेल्या. डॉक्टर दिवेकरांनी गार्गीला मेंदूचं चित्र दाखवलं. तिन्ही तारांच्या टोकांभोवती पांढरे डाग होते. खोल शेकाचं यंत्र म्हणजे एका अर्थी रेडिओचं स्टेशनच. ते लहरी सोडतं आणि त्या मांसात शिरून उष्णता करतात. अंगात तार असली तर तार त्या लहरी गोळा करते आणि सगळी उष्णता टोकाशी नेऊन ओतते. टोक मेंदूत होतं.

"यंत्र त्या वेळी बंद होतं," डॉक्टर म्हणाले. "नोंद आहे तशी. पण बंद असून काय उपयोग? तार ती तारच."

हे गार्गीला नव्याने कळायचं नव्हतं. सात वर्षांची असताना तिने बाबांना विचारलं होतं, रेडिओ बंद केल्यावर गाणी कुठे जातात? बाबा हसले होते. "कुठं जातील? भोवतीच असतात. रेडिओ झोपतो गं, एरियल झोपत नाही."

पण त्या दिवशी तिच्या मनात एकच प्रश्न होता: बंद कुणी केलं? तिने उत्तरही ठरवून टाकलं. स्वरा थोरवडेने केलं असणार, आणि वर खोल शेकही दिला. तिने तीन पानांची तक्रार लिहिली. एकही शब्द जास्तीचा नव्हता. शेवटी तिने स्वराचा परवाना रद्द करण्याची मागणी केली होती.

*

दीड महिन्याने पुण्याच्या इस्पितळात चौकशी समिती बसली. लांब टेबल, प्रत्येकासमोर माइक आणि पाण्याची बाटली. अध्यक्ष वर्तक बाई निवृत्त न्यायाधीश होत्या. एका बाजूला डॉक्टर दिवेकर आणि यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा माणूस, दुसऱ्या बाजूला स्वरा. चोवीस-पंचवीसची असेल. तिच्या आईने तिला नवी साडी नेसवून पाठवलेलं दिसत होतं. पदराची पिन तीनदा टोचून झाली होती तिची. ब्लाउज गार्गीने ओळखला. बाहीची ती बारीक पट्टी आईशिवाय कुणी लावत नसे.

कंपनीच्या माणसाने भिंतीवर यंत्राची नोंदवही दाखवली. शेवटच्या सोमवारी, अकरा वाजून एकवीस मिनिटांनी: विराम, चुंबकाने. अकरा पंचवीस: तारांच्या टोकांशी तापमानवाढ. त्यानंतर काही नाही.

"याआधीचेही विराम आहेत," तो म्हणाला आणि पान वर सरकवलं.

गुरुवार, दुपारी तीन. विराम, चुंबकाने. पंधरा मिनिटं. मग चालू. मागचा गुरुवार, तीन. त्या मागचा गुरुवार. पान सरकत राहिलं. एक गुरुवार चुकला नव्हता. फक्त शेवटच्या सोमवाराच्या आधी एक शनिवार होता, दुपारी एक वाजता, बारा मिनिटं. तो गार्गीला ओळखता आला. त्या दिवशी तिची गाडी दीडला कऱ्हाडात पोचली होती.

"ठोके थांबले तरी डबी ऐकत राहते. थांबवलेल्या वेळात तिसऱ्या तारेवर तीव्र शोकाचा नमुना दिसतो," तो माणूस म्हणाला. त्याला यात गंमत वाटत असावी असा त्याचा स्वर होता. "म्हणजे पेशंट यंत्र थांबवून, साध्या भाषेत, रडत होत्या. पंधरा मिनिटं. मग परत चालू. हा दुरुपयोग आहे. पुढच्या आवृत्तीत आम्ही चुंबकाची सोय काढून टाकतोय."

"थोरवडे, तुम्ही सांगा," वर्तक बाई म्हणाल्या.

स्वराने माइककडे न बघता सांगायला सुरुवात केली. "काकूंचा खांदा पिशवीनं उतरत नव्हता. लग्नाचे ब्लाउज होते हातात. त्या म्हणाल्या, तुझ्या त्या मोठ्या मशीनचा दे. मी म्हटलं, काकू, तुमच्या अंगात यंत्र आहे, नाही देता येणार. तर म्हणाल्या, बंद करते की. पदराखालनं चुंबक काढला आणि छातीला लावला. हात थरथरायला लागला त्यांचा, म्हणजे बंद झालं हे मलापण दिसलं. मला म्हणाल्या, गुरुवारी दर वेळी करते, काही होत नाय."

"तुम्हाला शिकवलं नव्हतं, की बंद असलं तरी देता येत नाही?"

"शिकवलं होतं." स्वराने पदराची पिन चाचपली. "एका तासाला. परीक्षेत आलं नाही. मला नक्की आठवेना, म्हणून मी कार्ड मागितलं. त्यांनी पर्समधनं काढून दिलं. त्यात होतं, चालू यंत्रात गडबड होते. चालू. मी तरी म्हटलं, काकू, तुमच्या मुलीला फोन करूया? तर हसल्या. म्हणाल्या, तिला कशाला? तिला बंद होतं हेच माहीत नाय अजून, बिचारीला. घाबरंल. आणि कार्ड तिनंच लिहिलंय. तिच्या हातून काही सुटत नाय."

कुणीतरी पाण्याची बाटली उघडली. गार्गी टेबलावरच्या पारदर्शक पिशवीकडे बघत होती. तिच्यात आईचं कार्ड होतं, कडा मऊ पडलेलं, आणि काळ्या दोऱ्यातला गोल चुंबक. त्याला अजून दोन टाचण्या चिकटून होत्या.

म्हणजे आईला वाटलं होतं, की गार्गीला माहीत नाही. जेवताना तिने विचारलं, गार्गी 'नाही' म्हणाली, आणि आईने तिच्या अज्ञानावर विश्वास ठेवला. खोटेपणाची शंकाही घेतली नाही. किंवा घेतली असेल आणि स्वरासमोर लेकीची बाजू झाकली असेल, जशी शिवणीची आतली बाजू झाकतात. यातलं खरं काय ते आता कुठल्याच नोंदवहीत सापडणार नव्हतं.

"पोरे मॅडम," वर्तक बाई म्हणाल्या, "तक्रारीत तुम्ही म्हटलंय, सावधगिरीची पूर्ण माहिती रुग्णाला दिलेली होती. कायम करता?"

तिला फक्त 'हो' म्हणायचं होतं. समोरची तीन पानं तिच्यासाठी बोलली असती. स्वराचा परवाना गेला असता, चुंबकाची कळ गेली असती, कार्ड तेवढं राहिलं असतं.

कार्ड.

"डॉक्टर," तिने विचारलं, "माझं कार्ड तुम्ही किती जणांना दिलंत?"

दिवेकरांनी चष्मा काढला. त्यांना बहुतेक त्याच क्षणी उमगलं. "तीनशे बारा."

"आजच परत घ्या. आत्ता फोन लावायला सांगा कुणाला तरी. चौथं, शेकाचं कलम चुकीचं आहे."

"मॅडम, ते आपण नंतर..."

"नंतर नाही. त्यातला कुणीतरी आत्ता कुठेतरी खांदा धरून बसला असेल."

दिवेकर उठले आणि फोन घेऊन बाहेर गेले. वर्तक बाईंनी पेन खाली ठेवलं. "कलम चुकलं कसं?"

"चुकलं नाही. मी काढलं. यंत्र बंद असले तरीही, एवढे शब्द होते. तिला बंद करता येतं हे कळू नये म्हणून काढले. सगळीकडूनच काढले. मला भीती वाटायची की ती बंद करून टाकेल आणि पुन्हा..." तिला ताटं आठवली, पण ते आता कारण म्हणून पुढे करायची तिची तयारी नव्हती. "तिला रडू का येत नाही हे तिने विचारलं होतं मला. तेही मी सांगितलं नाही. तिनं स्वतःच शोधलं. बाबांची आठवण म्हणून चुंबक गळ्यात घातला असेल, आणि एकदम रडू आलं असेल."

स्वरा आता उघड रडत होती. तिला बघून गार्गीला तिचा रागच आला, थोडा. एवढं सोपं असतं का कुणाला? तिचे स्वतःचे डोळे कोरडे होते. तिच्या डोक्यात कसली तारही नव्हती.

"म्हणजे तुम्ही तक्रार मागे घेताय?"

"तिची चूक आहेच. ती राहू दे. माझी तिच्या वर लिहा." मग ती पिशवीतल्या चुंबकाकडे बघून खालच्या आवाजात काहीतरी बोलली.

"मोठ्यानं बोला," वर्तक बाई म्हणाल्या. "नोंद होत नाहीये."

गार्गीने माइक जवळ ओढला.

"बंद करता येतं, आई," ती म्हणाली. खोलीत तिचा आवाज नको इतका मोठा आला, पण तिने माइक मागे सारला नाही. "चुंबकानं बंद होतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुला रडायचं असलं तर बंद कर, आणि रडून झालं की चालू कर. मला विचारायची गरज नाही. पण शेक घेऊ नकोस. बंद असलं तरीही घेऊ नकोस. एरियल झोपत नाही."